हरळी कुणाची?

एकाच गवताला आपण तीन नावं दिली आहेत. कापसाच्या रानात उगवलं की ती हरळी. गणपतीला वाहायची म्हटलं की दूर्वा. बंगल्यापुढे पैसे मोजून लावलं की लॉन. वनस्पतिशास्त्राच्या लेखी तिन्ही एकच. परदेशात तिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात.

बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या किती पिढ्या या गवताशी भांडण्यात गेल्या, याला हिशोब नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, उघड्या पडलेल्या काशा वेचायच्या, बांधावर वाळवून जाळायच्या. तरी पहिल्या पावसात एखाद्या राहिलेल्या काशीतून ती पुन्हा वर येते. आता त्याच घरातला मुलगा नोकरीला लागतो, बीडमध्ये किंवा अंबाजोगाईत प्लॉट घेतो, घर बांधतो. घरापुढे हिरवळ लावतो आणि ती मधेमधे उडाली की अस्वस्थ होतो.

यावर हसणं सोपं आहे. 'बाप हरळी काढत मेला आणि हा हरळी लावतो!' पण त्याच्या हौशीत गैर काय? वर्षाचे सात-आठ महिने ज्याने करडं रान पाहिलं, त्याला दारात हिरवं हवंसं वाटणं दिखाऊपणा नाही. लेकरांनी अनवाणी पळावं एवढीच ती इच्छा असू शकते. हिरवळीचा हक्क फक्त पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना आहे, असं कुणी ठरवलं?

अडचण येते पाण्यापाशी. वीस बाय पंचवीस फुटांची हिरवळ म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात ती हिरवीगार ठेवायला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर २३० लिटर होतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे चार माणसांचं पाणी.

'बोअर माझा, वीजबिल माझं' हे उत्तर इथे पुरत नाही. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं आणि त्या भेगा प्लॉटची हद्द पाळत नाहीत. तुम्ही उपसता ते थोडं शेजाऱ्याचंही असतं.

पण इथेच थांबलो तर आपण स्वतःला फार स्वस्तात नीतिमान ठरवू. २०१६चा एप्रिल आठवा. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्ट्यांवरचं पाणी वाचलं म्हणून लातूरच्या नळाला ते आपोआप आलं नाही. उसाला लागणाऱ्या पाण्यापुढे तर ते थेंबभरच होतं. मग त्या निर्णयाला अर्थ नव्हता का? होता. शेजारी घसा कोरडा असताना आपण काय करायचं नाही, हे समाजाने एकदा मोठ्याने म्हणणंही गरजेचं असतं. मात्र तेवढं म्हणून उसाचा प्रश्न विसरायचा, ही पळवाट. लॉनवाल्याला शिव्या देऊन आपणही तीच पळवाट धरतो.

मग उडालेल्या हिरवळीचं करायचं काय? हरळीलाच विचारावं. मृगाचा पाऊस लागून जमीन नीट ओली झाली की उघडे पडलेले भाग कुदळीने मोकळे करायचे, थोडं कुजलेलं शेणखत मिसळायचं. गाठी असलेल्या काड्या वीतभर नाही, चार-सहा बोटांच्या अंतराने खोचायच्या, माती दाबायची. दोन-तीन आठवडे त्यावर पाय द्यायचा नाही. पावसाने ओढ दिली तरच झारीने पाणी. गाठींना मुळं फुटतात आणि दिवाळीपर्यंत बहुतेक भाग भरून येतो. मार्चमध्ये ती पिवळी पडेल. पडू द्यायची. वरचं पातं वाळतं, खालच्या काशा जिवंत असतात. शेतकऱ्याला छळणारा तोच चिवटपणा इथे कामाला येतो.

म्हणजे प्रश्न हिरवळ हवी की नको, असा उरतच नाही. ती बारा महिने हिरवी हवी, हा हट्ट कुठून आला, असा उरतो. तो हट्ट बाराही महिने भुरभुर पाऊस पडणाऱ्या इंग्लंडसारख्या देशांतून आणि तिथल्या फोटोंतून आला. बीडचा पाऊस चार महिन्यांचा, तोही लहरी. इथलं गवतही त्याच हिशोबाने जगायला शिकलं आहे. पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्यातलं माळरान उन्हाळ्यात करडंच असतं, म्हणून कुणी त्याला मेलेलं म्हणत नाही.

आपली हौस शेजाऱ्याच्या तहानेवर उभी नसावी, ही अट हिरवळीपुरती नाही. एसी, गाडी, लग्नातला खर्च, सगळ्यालाच ती लागू आहे. हिरवळीवर ती पाळून पाहणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तिथे सोडावं लागतं ते फक्त उन्हाळ्यातलं हिरवेपण. मे महिन्यात दारापुढे चार पिवळे चट्टे पाहून पाहुणे काही बोललेच, तर त्यांना सांगता येईल की ती झोपली आहे, मृगात उठेल.