हदिया आणि फोन



कोकणातील आपल्या बांधवांना एनरॉन हे नाव नव्याने सांगावे लागणार नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या किनाऱ्यावर या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प उभा राहिला. १९९५ साली राज्य सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांत नव्या अटींवर पुन्हा स्वीकारलाही. तो इतिहास आज बाजूला ठेवू. आपले लक्ष मी वेधू इच्छितो ते ह्यूस्टनमध्ये बसणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षाकडे, केनेथ ले यांच्याकडे.

ले हे एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे पुत्र. २००० साली कंपनीने ६४ पानांची नीतिसंहिता छापली, तिच्या आरंभी त्यांचेच निवेदन होते. राजकारण्यांना देणग्या देताना त्यांचा हात सैल असे. जॉर्ज डब्ल्यू. बुश त्यांना लाडाने ‘केनी बॉय’ म्हणत. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुश म्हणाले की, १९९४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ले हे आपल्या प्रतिस्पर्धी अ‍ॅन रिचर्ड्स यांचे समर्थक होते. रिचर्ड्स यांना देणगी मिळाली होती, हे खरे. परंतु बुश यांना त्याहून अधिक मिळाली होती.

आता प्रश्न असा की, या देणग्या लाच होत्या काय? २००६ साली ज्यूरीने ले यांना दोषी ठरवले ते फसवणूक आणि कटाच्या आरोपांवर. देणग्यांचा त्यात संबंध नव्हता. (शिक्षा ठरण्यापूर्वीच ते वारले आणि अपील अशक्य झाल्याने तो निकालही रद्द झाला. अल्लाहकडच्या हिशेबाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही.) शिवाय कंपनी बुडत असताना त्यांनी अर्थमंत्री आणि वाणिज्यमंत्री या दोघांना फोन केले, तेव्हा कोणीही तिला वाचवले नाही. मग देणग्या निष्कलंक होत्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

मला हे पटत नाही. सदका गोळा करायला पाठवलेला एक अंमलदार परतला आणि म्हणाला, एवढे तुमचे, आणि हे मला हदिया मिळाले. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) मिंबरवर उभे राहिले आणि विचारले की, हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? ही हदीस सहीह बुखारीत आहे. मोबदल्यात कोणते काम झाले, हे तेथे विचारलेच गेले नाही. प्रश्न केवळ एवढाच, की भेट माणसाला होती की त्याच्या पदाला?

ले यांच्या पैशाने मंत्र्यांचा निर्णय विकत घेतला नसेल. परंतु त्यांचा फोन उचलला गेला. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ९० डॉलरला असलेला एनरॉनचा शेअर नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस एका डॉलरच्याही खाली घसरला. निवृत्तीची पुंजी त्यात गुंतवलेल्या कर्मचाऱ्यांनी कोणत्या मंत्र्याला फोन करावा? त्या वर्षी ले स्वतःचे शेअर विकत होते आणि सप्टेंबरअखेर त्याच कर्मचाऱ्यांना सांगत होते की, सध्या शेअर फार स्वस्त आहे.

वाचकहो, आपण ले नाही. आपल्यातील बहुतेकांवर वेळ येते ती फोनच्या दुसऱ्या टोकाला असण्याची, म्हणून हे लिहिले. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आमच्या मशिदीत पूर्ण रमजानच्या इफ्तारीचा खर्च उचलला. त्याने काहीही मागितले नाही, दुआसुद्धा नाही. ईदनंतर एका जुम्म्याला त्याचे तीन मजूर थकलेल्या मजुरीची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना आधी सब्र करायला सांगितले. ठेकेदाराला विचारायचे सुचले ते रात्री, इशा झाल्यावर.