पाण्यावरची रेघ

धाकट्या जावेशी मी नऊ वर्षं बोलले नाही. घरच्या कार्यात चार बायकांसमोर ती मला एक वाक्य बोलली होती, एवढंच. कुणी विचारलं की मी म्हणायची, "तिचं बोलणं काळजात घुसलं."

भाची जीवशास्त्र शिकते. परवा भाजी निवडताना ती सांगत होती, "मावशी, ॲड्रेनलिनला आपलं काम करायला पेशीत शिरावंच लागत नाही. ते बाहेरून रिसेप्टरला नुसतं टेकतं. रिसेप्टरचा आकार जरा बदलतो. आतल्या बाजूचं जी प्रोटीन मग जीडीपी सोडतं, जीटीपी धरतं आणि जागं होतं. पुढे निरोपावर निरोप, आणि छाती धडधडते." या जी प्रोटीनच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ चं नोबेल मिळालं.

माझा हात थांबला. म्हणजे बाहेरचं आत घुसतच नाही. कल्लोळ होतो तो आतल्याच सामग्रीचा! निमित्त वेगळं, उपादान वेगळं, हे प्रवचनात कितीदा ऐकलं होतं. आमच्या हैदराबादच्या सीसीएमबीत सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर संशोधन झालंय. त्याचं वागणं पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलवरही अवलंबून असतं म्हणे. मग माझ्या मनाचं आवरण त्या दिवशी कसं होतं?

पण खरं बोचलं ते पुढचंच. जी प्रोटीन जीटीपी तोडून स्वतःच विझतं. विझणं त्याच्या घडणीतच आहे. कॉलऱ्याचं विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलं. ते आतड्याच्या पेशीत नेमकं हे विझणंच बंद पाडतं. प्रोटीन पेटलेलंच राहतं आणि अंगातलं पाणी वाहून जातं. आपल्या शास्त्रात क्रोधाच्या चार रेघा सांगितल्यात: पाण्यावरची, वाळूवरची, जमिनीवरची आणि दगडावरची. माझी कुठली, ते सांगायला नको.

प्रोटीनला पाप-पुण्य नसतं; ते निवड करत नाही. मी करते. राग येणं एक वेळ माझ्या हातात नसेल. पण अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक करून उठल्यावर तोच राग पुन्हा पेटवणं, ते तर माझ्याच हातात होतं ना?

दर संवत्सरीला मी सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायची, एक घर सोडून. यंदा त्या घरी फोन लावला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मी काय बोलले होते हो तेव्हा?"

तिला ते आठवतही नव्हतं. नऊ वर्षं ते मी एकटीनंच जपलं होतं.