नावाच्या शेवटाशी थांबताना

श्वास संथ होऊ द्या. मग तेलंगणातल्या आदिलाबादकडचं एकच नाव मनात घ्या: उटनूर. घाई न करता म्हणा आणि शेवटच्या 'ऊर'वर जरा रेंगाळा. तेलुगूत ऊरु म्हणजे गाव. नारनूर म्हणा, जैनूर म्हणा. तोच शेवट पुन्हा भेटतो.

आता गादीगुडा. गुडा म्हणजे थोड्या घरांची वस्ती, आपला पाडा. आणि मग केसलापूर, जिथे पौष अमावास्येला मेसराम कुळातले गोंड नागोबाची महापूजा करतात. 'पूर' संस्कृतातलं. पूर्वी त्यात तटबंदीचा अर्थ होता. ग्रीकांचं 'पोलिस' म्हणजे नगर आणि लिथुआनियन 'पिलिस' म्हणजे किल्ला, ही त्याचीच दूरची भावंडं. क्रिमियातलं सेव्हास्तोपोल आणि आपलं केसलापूर, एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा.

आदिलाबादपाशी मात्र जास्त वेळ थांबा. विजापूरच्या आदिलशहावरून हे नाव पडलं असं सांगतात. ती आदिलशाही 1686 मध्ये बुडाली. 'आबाद' हा फारसी शब्द, अर्थ नांदतं, वस्तीचं. नावाचा पहिला भाग राजाच्या मानाचा आणि शेवट तिथे राहणाऱ्यांचा, असं मला मनापासून वाटतं. त्या शेवटाला आजही बाध आलेला नाही.

1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याच मुलखात, मार्लवाईला, गोंडांमध्ये येऊन राहिले. ते मूळचे व्हिएन्नाचे. त्यांच्या आडनावातलं 'डॉर्फ' म्हणजे जर्मनमध्ये गाव. ऊर, गुडा, पूर, आबाद आणि डॉर्फ, एकेक म्हणत जा. माणसं इथे राहतात, एवढंच प्रत्येकजण सांगतो.

इंग्लंडमध्ये ग्रिम्सबी, डर्बी अशी नावं आहेत. हजारेक वर्षांपूर्वी डेन लोक तिथे वस्तीला आले, त्यांच्या भाषेत 'बी' म्हणजे गाव. ती बोली तिथे केव्हाच थांबली, शेवट तेवढा उरला. आदिलाबाद जिल्ह्यात तसं झालेलं नाही. बाजाराच्या दिवशी तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू अशा सगळ्या कानावर पडतात. भाजीचा भाव एका भाषेत विचारला जातो, उत्तर दुसरीत येतं, आणि व्यवहार अडत नाही.

आता तुमच्या गावाचं नाव घ्या, पण शेवटाकडून. तो शेवट कोणाच्या भाषेतला? ती भाषा बोलणारं आज तुमच्या शेजारी कोण राहतं, तेही आठवा.