पूर्वकर्म आणि सुजलेले घोटे

आजार हे मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ असतं का? नागपुरातल्या बौद्ध घरात वाढल्यामुळे मला हा प्रश्न कधीच निकालात निघालाय असं वाटायचं. धाकट्यानं अंगावरचं दूध सोडलं आणि वर्षभरात उजव्या स्तनात दगडासारखी गाठ आली, कातडी लाल झाली, पू वाहू लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भोग आहेत बाई, भोगूनच संपतात." त्या प्रेमानंच म्हणाल्या.

बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही, टीबीही नाही. निघाला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. यात प्रतिकारपेशींचे पुंजके दूधग्रंथींभोवती साचतात. १९७२मध्ये वेगळा आजार म्हणून त्याचं वर्णन झालं. बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत तो होतो. मूळ कारण विज्ञानाला अजून पक्कं सापडलेलं नाही.

पुढे घोटे सुजले, नडग्यांवर लाल, ठणकणाऱ्या गाठी उठल्या. सर्जन स्तन बघत, हाडांचे डॉक्टर घोटे. संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी नडग्या पाहिल्या आणि विचारलं, "छातीला काही त्रास आहे का?" नडग्यांवरचं ते एरिथेमा नोडोसम होतं. या स्तनविकाराबरोबर ते आणि सांध्यांची सूज काही बायकांना होते. स्टेरॉइडनंतर मला मेथोट्रेक्सेट सुरू झालं; आमवातावरही तेच देतात.

माझा सुरुवातीचा प्रश्न जुनाच आहे. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणसाच्या वाट्याला येणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, इजा अशी आठ कारणं ते सांगतात. कर्म त्यांतलं फक्त एक. बाबासाहेब 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये आणखी पुढे जातात आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्तच नाकारतात.

'भोग' म्हटल्यानं काकूंना धीर येतो, हे मला कळतं. दुःखाला काहीतरी हिशेब आहे, एवढा तो धीर. पण हे उत्तर प्रत्येक दुखण्याला लागू पडतं, म्हणून कुठल्याच दुखण्याबद्दल काही सांगत नाही. वर ते ऐकून बाई लाजते, छाती झाकून घेते, आणि घोटे दाखवताना गाठीचा विषय काढत नाही. कारण शोधायला सांगणारा धम्म, ते सापडेपर्यंत रोग्याला आरोपी करायची मुभा देत नाही.

म्हणून बायांनो, छातीतली सूज अँटिबायोटिकनं उतरत नसेल आणि सांधेही दुखत असतील, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना एकाच वेळी सांगा.