आम्ही तुला केव्हा पाहिले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धर्मग्रामाच्या सणाला दोन दिवस उरले होते. मी कार्यालयात जमाखर्चाची वही उघडून बसलो होतो. एक वृद्ध माउली दारात आली. दिवंगत पतीसाठी तिला मिस्सा नोंदवायची होती. 'आजी, उद्या या,' मी मान वर न करताच म्हणालो. ती निमूटपणे परतली. तासाभराने मी परमपवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकले आणि प्रार्थना केली, 'प्रभो, तुझ्या सान्निध्याचा मला अनुभव दे.' त्या शब्दांतील विसंगती ध्यानी आली, तोवर माउली आपल्या घरी पोहोचली असेल.

परमेश्वर सर्वव्यापी आहे, हे आपण बालपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहे. प्रश्न त्याच्या असण्याचा नाही, आपल्या ध्यानी येण्याचा आहे. उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपलेला याकोब जागा झाला, तेव्हा त्यालाही हेच उमगले होते.

परंतु येथे एक शंका उद्भवते. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात अंतिम न्यायाचे चित्र आहे. भुकेल्यांना अन्न देणारे नीतिमान लोक विस्मयाने विचारतात, प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिले? पाठ फिरवणारेही नेमका हाच प्रश्न विचारतात. म्हणजे प्रभूची ओळख दोघांनाही पटली नव्हती! नीतिमानांनी न ओळखताच सेवा केली आणि ती स्वीकारली गेली. मग देवाचे सान्निध्य ओळखण्याचा खटाटोप कशासाठी? माणसाने माणसाशी चांगले वागावे, एवढे पुरेसे नाही काय? आपल्या घरांतील तरुण हे विचारतात आणि त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे.

मला असे वाटते, की नीतिमानांनी ख्रिस्ताला ओळखले नसेल. पण भुकेला माणूस मात्र त्यांना दिसला होता. दिसणे ही सेवेची पहिली पायरी होय. त्या संध्याकाळी मला वही दिसत होती, माउली दिसत नव्हती. आपणा सामान्यांची नजर आपोआप निवळत नाही, तिला वळण लावावे लागते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. पूर्वाश्रमीचे सैनिक. मठात त्यांच्या वाट्याला आले स्वयंपाकघर. भांड्यांच्या गडबडीतही ते देवाशी हितगुज करीत राहिले. १६९१ साली ते निवर्तले. अभ्यासामुळे दीर्घ ध्यानाला वेळ न मिळणाऱ्या येशूसंघी विद्यार्थ्यांसाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी १५५१ साली एका पत्रातून सल्ला दिला, की चालताना, बोलताना, पाहताना, ऐकताना देवाचा शोध घ्यावा. आपल्या मातीतही, अरणच्या संत सावता माळी यांना त्यांचा विठ्ठल मळ्यातच भेटला.

मात्र एक सावधगिरी हवी. आपण अपघातातून बचावलो, की 'देव होता म्हणून वाचलो' असे म्हणतो. मग शेजारचा मुलगा वाचला नाही, तेथे देव नव्हता काय? देव केवळ आपल्या लाभात दिसू लागला, तर आपण त्याला नव्हे, आपल्या नशिबाला नमस्कार करीत असतो. क्रुसाकडे पाहणाऱ्या माणसाने असे म्हणू नये. त्या शोकाकुल घरीही प्रभू आहे. तेथे तो स्पष्टीकरण देत बसलेला नाही. रडणाऱ्यांच्या शेजारी बसलेला आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, रात्री कुटुंबाची जपमाळ आटोपल्यावर पाच मिनिटे शांत बसावे. सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. आज कोणाच्या हातून मला काही मिळाले? आज कोण दारात आले आणि मी मान वर केली नाही? पहिल्यासाठी आभार मानावेत, दुसऱ्यासाठी क्षमा मागावी आणि उद्या त्या व्यक्तीकडे जावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या माउलीच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. पतीच्या अखेरच्या आजारपणाविषयी ती बराच वेळ बोलत राहिली. मी ऐकत होतो. मिस्सेचा विषय अगदी शेवटी, मी निघताना निघाला.