भान हरपलेल्याची जबाबदारी

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील गोरोबाकाकांची आख्यायिका मराठी घरांत लहानपणीच कानी पडते. विठ्ठलनामात भान हरपून ते चिखल तुडवीत असता रांगते मूल पायाखाली आले. पुढे पत्नींस स्पर्श न करण्याचा निर्बंध झोपेत मोडला, तेव्हा त्यांनी स्वतःचे हातच तोडून घेतले. दोन्ही वेळा भान नव्हते. परंतु ती सबब त्यांनी पुढे केली नाही.

आज तीच सबब मद्यपी सांगतो, आणि विज्ञान त्याचीच साक्ष देत आहे असे प्रथमदर्शनी वाटते. मद्यार्काचा रेणू अगदी चिमुकला: कार्बनचे 2, हायड्रोजनचे 6 व ऑक्सिजनचा 1 अणू. रक्तावाटे तो मेंदूत सहज शिरतो. तेथे पेशींस शांत करणाऱ्या 'गॅबा' या द्रव्याचा प्रभाव तो वाढवितो व त्यांस चेतविणाऱ्या 'ग्लुटामेट'चा रोखतो. त्यामुळे विवेकाचा लगाम सुटतो, जीभ व पाय अडखळतात, स्मृती नोंदच घेत नाही. शिवाय 'डोपामाइन' स्रवून सुखाची खूण मनावर उमटते. नित्य पिणाऱ्याचा मेंदू तोल सावरण्यासाठी उलट दिशेने बदलत जातो. मग मद्य एकाएकी तोडले तर हात कापतात, आचके येतात, प्रसंगी प्राणही जातो.

मग अपराध माणसाचा की रेणूचा? 1860 च्या भारतीय दंड विधानाच्या 85 व्या कलमाने नशेची सूट दिली ती नकळत वा इच्छेविरुद्ध मद्य पाजले गेलेल्यासच. 2024 साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. आमच्या मते ते योग्य आहे. पेला उचलणारा हात भानावर असतो. विज्ञान जबाबदारी पुसून टाकीत नाही. ती त्या क्षणापर्यंत मागे नेते.

मात्र पहिला पेला उचलणारा हात आणि हजारावा उचलणारा हात सारखे स्वतंत्र नसतात, हेही विज्ञानच सांगते. व्यसन जडलेल्यास केवळ निर्भर्त्सना करून काय साधणार? भान असलेल्या एखाद्या सकाळी वैद्याच्या स्वाधीन होणे, हे त्याचे कर्तव्य. त्या सकाळी त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे, हे आपले.

आख्यायिकेत नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांस हात आणि मूल दोन्ही परत मिळाले. मद्यप्याच्या पायाखाली जे तुडविले जाते, ते असे परत येत नाही.