शिकलेला माणूस कोणाचे देणे लागतो?



बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला नवापूरला घालायचे, नंदुरबारला की धुळ्याला? त्यासाठी कुठे शेळ्या विकल्या जातात, तर कुठे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. एवढा त्याग करून आपण मुलांना ज्या महाविद्यालयात पाठवतो, ते बदलत्या हवामानाच्या संकटात आपल्या काय कामाचे, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हे संकट आपल्यापासून दूर नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीला आलेला पूर नवापूर तालुका विसरलेला नाही. एका पुरावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, हे खरे. परंतु पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, असे आपले वडीलधारे म्हणतात, तेव्हा ते उगाच बोलत नाहीत.

हे ज्ञान नवे नाही. कोळसा जाळल्याने पृथ्वी तापेल, हा हिशोब स्वीडनच्या अर्‍हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ साली मांडला होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाई बेटावरील डोंगरावर हवा मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. म्हणजे विद्यापीठांना कळले नाही, असे झालेले नाही. मग कळूनही हातून काही का घडत नाही?

सॉक्रेटिसला वाटे, ज्याला चांगले काय ते खरोखर कळले, तो वाईट करणारच नाही. ॲरिस्टॉटलने ते मान्य केले नाही. माणूस जाणूनबुजूनही उलटे वागतो, असे त्याने पाहिले. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: विचारविनिमय करणे, निर्णय ठरवणे आणि त्याप्रमाणे वागण्याची आज्ञा देणे. यांतील तिसरी पायरी त्यांनी मुख्य मानली. आपली विद्यापीठे पहिल्या दोन पायऱ्या चढली. तिसरीपाशी ती थांबली आहेत.

यावर कोणी म्हणेल, कृती हे विद्यापीठाचे कामच नव्हे. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ साली डब्लिन येथील व्याख्यानांत ज्ञान हे स्वतःच एक साध्य आहे, असे प्रतिपादन केले. ते आम्हांला पटते. केवळ नोकरीसाठी विद्या, हा विद्येचा अपमान आहे. परंतु सत्यासाठी सत्य शोधणाऱ्यावर ते सत्य सांगण्याचे बंधनही येते. शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग ज्याला दिसली आणि जो ओरडला नाही, त्याच्या पाहण्याला काय अर्थ? ज्याच्यावर अधिक सोपवले आहे त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, ही प्रभूची शिकवण तर आपण जाणतोच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यास सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. हेतू उत्तम होता. पण जिथे विद्यार्थी मागच्या वर्षीचा प्रकल्प उतरवून काढतो आणि सही घेऊन मोकळा होतो, तिथे विषय शिकवला गेला आणि विवेक मात्र शिकवला गेला नाही.

आपल्यापासून फार लांब नसलेल्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाकडे पाहा. १९९० च्या सुमारास तिथले जंगल उजाड झाले होते, पाण्याचे हाल होते. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार गावातच राहिले. गावाने एकत्र बसून नियम केले, झाड तोडणाऱ्याला दंड ठरवला, राखण केली. चारशेहून अधिक हेक्टर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथे पदवी आणि आजीआजोबांचे रानाचे ज्ञान एका बैठकीत बसले.

प्रत्येक मुलाने गावी परतावे, असा आमचा आग्रह नाही. घरावर कर्ज असलेल्या मुलाला नोकरी नाकारायला सांगणे अन्यायाचे ठरेल. शिवाय हवा बिघडवण्यात आपल्या पाड्यांचा वाटा अगदी थोडा. म्हणूनच देणे आधी अधिक शिकलेल्यांचे आणि अधिक वापरणाऱ्यांचे आहे. महाविद्यालयाने जगाला आज्ञा देता येत नसली, तरी स्वतःच्या घराला देता येते. आपल्या आवारातील पाणी अडवावे, विजेचा हिशोब ठेवावा, हवामानाचा अंदाज शेतकऱ्याला कळेल अशा बोलीत पोहोचवावा आणि कोणते बियाणे कमी पावसात तगते, हे आपल्या बायाबापड्यांना विचारावे.

आपणही एक करावे. सुट्टीत मुले घरी आली की गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ‘बाळा, तू जे शिकलास त्याने आपल्या नाल्याचे काय भले होईल?’ उत्तर लगेच मिळणार नाही. परंतु हा प्रश्न घेऊन मूल वर्गात परत गेले, तर तो कधीतरी प्राध्यापकांपर्यंतही पोहोचेल. शेळी विकून फी भरणाऱ्या आईला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.